वाघ-बकरीचा डाव संगणकास शिकवितांना

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी जाडजूड वही काखेंत मारून मजकडे आला. वहींत त्यानें एका व्हिडिओ गेमचा आराखडा काढला होता. शंभर घरें रुंद व शंभर घरें लांब असा सह्याद्रीचा नकाशा. त्यावर किल्ले, घाट, गांवें. घोडदळ, पायदळ, हेर, धान्याचीं कोठारें आणि चार परस्परविरोधी राज्यें. सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा १९९१ सालीं निघालेला खेळ त्यानें आपल्या मामाच्या घरीं खेळून पाहिला होता, व तसाच, परंतु आपल्या मुलुखाचा, एक खेळ आपण रचावा अशी त्यास उत्कंठा लागली होती. मला ती वही फार आवडली. इतकी आवडली कीं, जें त्यास सांगावयास पाहिजे होतें तें मीं सांगितलेंच नाहीं.

दिवाळीपर्यंत तो दर शनिवारीं शाळेच्या संगणक-कक्षांत येऊन बसे. सुटी लागली तेव्हां पडद्यावर एक अत्यंत देखणा नकाशा तयार होता. डोंगर हिरवे, नद्या निळ्या, किल्ल्यांना बुरूज. एका किल्ल्याच्या पायथ्याशीं एक स्वार उभा होता, आणि तो स्वार जागचा हालत नव्हता. सहामाही परीक्षेंत मुलाचे गुण घसरले. त्याचे वडील शाळेंत आले व शांतपणें म्हणाले, "सर, खेळ खेळण्यांत मुलें वायां जातात हें ऐकलें होतें, खेळ करण्यांतहि जातात हें आतां पाहिलें." त्यानंतर मुलगा शनिवारीं यावयाचा बंद झाला. दोष त्याचा नव्हता. नवशिक्यास पहिली पायरी दाखविण्याचें काम माझें होतें, व तें मीं केलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर ती पायरी मलाहि तेव्हां नीट ठाऊक नव्हती.

डावपेंचांचा खेळ, मग तो सह्याद्रीच्या नकाशावरील असो वा अंगणांत खडूनें आंखलेल्या पटावरील असो, संगणकाच्या दृष्टीनें एकाच जातीची वस्तु आहे. संगणकास वाघ दिसत नाहीं, किल्लाहि दिसत नाहीं. त्याच्यापाशीं कांहीं आंकडे ठेवावयास जागा असते आणि त्या आंकड्यांत फेरफार करण्याच्या आज्ञा असतात. या क्षणीं पटावर काय कोठें आहे, पाळी कोणाची आहे, नियमास धरून कोणत्या चाली करतां येतात, चाल केल्यावर कोणते आंकडे बदलतात आणि डाव संपला हें कशावरून ओळखावें, एवढें निःसंदिग्धपणें सांगितलें कीं खेळ झाला. रंग, चित्रें, घोड्याच्या टापांचा आवाज, हें सर्व मागाहून. आमच्या विद्यार्थ्यानें मागाहून करावयाचें तें आधीं केलें होतें, आणि बहुतेक नवशिके तेंच करतात. कारण चित्र काढलें कीं लगेच डोळ्यांना दिसतें, नियम लिहिला तर कांहींच दिसत नाहीं.

म्हणून दिवाळीनंतर आठवी-नववीचीं सहा मुलेंमुली जमलीं तेव्हां मीं नकाशाचें नांव काढूं दिलें नाहीं. आम्ही वाघ-बकरी निवडली. पालकांपैकीं अनेकांना हा खेळ आजीनें शिकविला असेल. महाराष्ट्रांतील कित्येक देवळांच्या फरशांवर व लेण्यांच्या ओट्यांवर जुन्या खेळांचे पट कोरलेले आजहि आढळतात. वाघ-बकरीचे नियम मात्र गांवोगांवीं निरनिराळे. आमच्या सहा जणांत तीन प्रकारचे नियम निघाले व अर्धा तास भांडणांत गेला. अखेरीस नेपाळांत 'बाघचाल' या नांवानें जो प्रकार खेळला जातो तो सर्वांनीं मान्य केला.

त्याचा पट असा. पांच आडव्या व पांच उभ्या रेघा, म्हणजे पंचवीस बिंदु. शिवाय कांहीं तिरप्या रेघा. चार वाघ आरंभापासून चार कोपऱ्यांत बसतात. वीस बकऱ्या हातांत असतात. पहिली पाळी बकरीची. बकरीवाल्यानें दर पाळीस एक बकरी पटावर ठेवावी, आणि विसांच्या वीस ठेवून होईपर्यंत ठेवलेली बकरी हालवूं नये. वाघानें रेघेवरून शेजारच्या बिंदूवर जावें, किंवा शेजारीं बकरी असून त्याच सरळ रेघेंत तिच्या पलीकडचा बिंदु मोकळा असेल, तर तिच्यावरून उडी मारून ती खावी. पांच बकऱ्या खाल्ल्या कीं वाघ जिंकले. चारहि वाघ कोंडले गेले कीं बकऱ्या जिंकल्या.

पहिल्या शनिवारीं संगणक सुरूच केला नाहीं. मुलांनीं नियम वहींत उतरविले. मग एका मुलीस आम्हीं संगणक नेमलें. तिनें स्वतःची अक्कल मुळींच वापरावयाची नाहीं, वहींत लिहिलें असेल तेवढेंच करावयाचें. पहिल्याच पाळीस तिनें बकरी उचलली आणि गंभीर मुद्रेनें वाघाच्या डोक्यावर ठेविली! सारे हंसले, परंतु वही पाहतां तिचें चुकलें नव्हतें. 'बकरी पटावर ठेवावी' एवढेंच तेथें होतें, 'मोकळ्या बिंदूवर' हे दोन शब्द कोणी लिहिले नव्हते. माणसाला जें सांगावेंच लागत नाहीं तें संगणकास आधीं सांगावें लागतें. तासाभरांत त्या दोन पानांवर तांबड्या शाईच्या अकरा दुरुस्त्या झाल्या. ज्या घरीं संगणक नाहीं तेथेंहि हा अभ्यास येथवर तरी बिनदिक्कत होऊं शकतो.

दुसऱ्या शनिवारीं भाषा निवडली. पायथॉन ही भाषा गीडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते व जुन्यापुराण्या यंत्रावरहि चालते. तिच्यांत राखीव असे शब्द अवघे पस्तीस आहेत. इंग्रजी कच्चें असलेल्या मुलांनीं घाबरूं नये म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतों. तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, वस्तूंचीं नांवें देवनागरींत ठेवतां येतात. आमच्या आज्ञावलींत 'वाघ', 'बकरी', 'पाळी', 'भिंत' हीं नांवें तशींच आहेत. 'जर' व 'जोंपर्यंत' या अर्थाचे 'इफ' व 'व्हाइल' हे शब्द आणि अंक तेवढे इंग्रजी लिपींत लिहावे लागतात.

आतां पट यंत्रांत कसा ठेवावा? मुलांनीं पंचवीस कप्प्यांची एक लांब रांग केली. पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य, शेवटच्याचा चोवीस. बिंदु मोकळा असेल तर कप्प्यांत ०, बकरी असेल तर १, वाघ असेल तर २. उजवीकडे सरकणें म्हणजे क्रमांकांत १ मिळविणें. खालीं सरकणें म्हणजे ५ मिळविणें. तिरपें खालीं उजवीकडे ६ व डावीकडे ४. वर जावयाचें तर हेच आंकडे वजा करावे. रचना सुटसुटीत दिसली आणि सर्वजण खूष झाले. परंतु खेळ सुरू होतांच पहिल्या ओळीच्या उजव्या टोकास बसलेला वाघ आणखी उजवीकडे सरकला, पटाबाहेर न पडतां नाहींसा झाला, आणि दुसऱ्या ओळीच्या डाव्या टोकाशीं प्रकट झाला. चार अधिक एक पांच. यंत्राचा हिशेब बिनचूक होता. पटाला कड असते हें आम्हीं त्यास कोठें सांगितलें होतें?

यावर बुद्धिबळाच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक पूर्वीपासून एक युक्ति करीत आले आहेत. पटाभोंवतीं एक खोटी कड बांधावयाची. पांच गुणिले पांच ऐवजीं सात गुणिले सात, म्हणजे एकोणपन्नास कप्पे घ्यावयाचे; त्यांपैकीं बाहेरचे चोवीस कप्पे 'भिंत'. आतां खालीं सरकणें म्हणजे ७, आणि तिरपें ६ किंवा ८. भिंतीच्या कप्प्यांत ९ हा आंकडा घालून ठेविला कीं ती जागा मोकळी नाहीं हें आपोआपच ठरतें. तेव्हां जी मुलगी पूर्वीं संगणक झाली होती तिनें विचारलें, "सर, वाघ उडी मारतो तेव्हां दोन पावलें जातो. मग भिंत दोन पदरी नको का?" मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. तें फळ्यावर काढून पाहिलें. उडी मारण्यापूर्वीं मधल्या बिंदूवर बकरी आहे काय हें पाहिलें जातें. बकरी आहे म्हणजे तो बिंदु पटाच्या आंतच आहे. मग त्यापुढचें पाऊल फार तर भिंतीवर पडेल, भिंतीपलीकडे जाणार नाहीं. एकपदरी भिंत पुरते. हें मीं शिकविलें नाहीं, आम्ही दोघें एकाच वेळीं शिकलों.

तिरप्या रेघा सर्व बिंदूंना नाहींत, हा दुसरा पेंच. पट नीट पाहिला तर एक मजा दिसते. ओळीचा क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक यांची बेरीज सम असेल त्याच बिंदूंतून तिरप्या रेघा जातात. असे बिंदु तेरा आहेत. उरलेल्या बाराांना फक्त आडव्या-उभ्या वाटा. एकूण रेघांचे तुकडे छप्पन्न भरतात, हें ज्यांना मोजावयाचें असेल त्यांनीं मोजून पाहावें.

यानंतर दोन्ही बाजूंनीं यंत्रासच खेळावयास लाविलें. कोणतीहि चाल, सोडत काढल्याप्रमाणें. असा खेळ पाहण्यास कंटाळवाणा, परंतु दोष शोधण्यास फार उपयोगी. कारण माणूस जी वेडगळ चाल कधीं करणार नाहीं तीहि यंत्र करून पाहतें. दर चालीनंतर एक हिशेब तपासावयाचा असें आम्हीं ठरविलें: हातांतील बकऱ्या, पटावरील बकऱ्या व खाल्लेल्या बकऱ्या मिळून बेरीज नेहमीं वीस आलीच पाहिजे. कित्येक डाव सुरळीत झाले आणि एकाएकीं बेरीज एकोणीस आली. एक बकरी कोठें तरी हरवली होती. ती सांपडावयास दोन शनिवार लागले. आठ दिशांच्या उड्यांसाठीं मुलांनीं त्याच ओळी आठ वेळां उतरवून काढल्या होत्या, आणि त्यांपैकीं एका जागीं 'खाल्लेल्या बकऱ्यांत एक मिळवा' ही ओळ उतरावयाची राहिली होती. मग आठहि उतारे पुसले. आठ दिशांचे आठ आंकडे एका यादींत घातले, आणि उडीची आज्ञा एकदांच लिहून ती यादींतील प्रत्येक आंकड्यास लावली. आज्ञावली निम्म्याहून लहान झाली. एका मुलास, आपण लिहिलेलें इतकें पुसावें लागलें याचें वाईट वाटलें. मला मात्र त्या दिवशीं वर्गांतील निबंधांची आठवण झाली.

आणखी एक अडचण आली ती न संपणाऱ्या डावांची. सर्व बकऱ्या ठेवून झाल्यावर वाघ इकडून तिकडे, बकरी तिकडून इकडे, असें अखंड चाले. माणसें कंटाळून उठतात. यंत्र उठत नाहीं. तीच स्थिति तिसऱ्यांदा आली कीं डाव बरोबरीचा, असा बुद्धिबळांतील रीतीसारखा नियम मुलांनीं घातला.

येथवर खेळ झाला, पण खेळाडू झाला नव्हता. यंत्रास विचार करावयास लावणें हा या विषयाचा सर्वांत गोड भाग आहे, आणि त्याचें मूळ संगणकाच्या बाल्यावस्थेंतच आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाचा यंत्रास बुद्धिबळ कसें शिकवावें याविषयींचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. इंग्लंडांत ॲलन ट्यूरिंग यांनीं आपले मित्र डेव्हिड चँपरनाउन यांच्यासह १९४८ च्या सुमारास बुद्धिबळाची एक आज्ञावली रचिली होती. ती चालविण्यास योग्य यंत्र हाताशीं नव्हतें. म्हणून १९५२ सालीं ट्यूरिंग यांनीं कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच यंत्राचें काम केलें; आज्ञेंत लिहिलें असेल तेंच करावयाचें, एकेका चालीस सुमारें अर्धा तास. तो डाव त्यांची आज्ञावली हरली. आमच्या मुलीनें वाघाच्या डोक्यावर बकरी ठेविली होती ती हीच रीत. ही हकीकत सांगितल्यावर तिची कॉलर थोडी ताठ झालेली मीं पाहिली.

विचाराची रीत अशी. मी एक चाल करीन. मग प्रतिपक्षी, तोहि शहाणा आहे असें धरून, मला अधिकांत अधिक नुकसान होईल अशी चाल करील. तर ज्या चालीनंतर तें नुकसान कमींत कमी, ती माझी चाल. परंतु नुकसान मोजावयाचें कसें? त्यासाठीं स्थितीस गुण द्यावे लागतात. मुलांनीं वाघाच्या बाजूनें खाल्लेल्या प्रत्येक बकरीस दहा गुण ठरविले व कोंडलेल्या प्रत्येक वाघामागें एक गुण वजा केला. परिणाम असा झाला कीं, वाघ बकरीच्या लोभानें कोपऱ्यांत शिरे, एक बकरी खाई आणि तेथेंच कोंडला जाई. वजा गुण एकाचे पांच केले तेव्हां तो सावध झाला. आठ केले तेव्हां इतका भित्रा झाला कीं बकरी तोंडाशीं असूनहि खाईना. योग्य आंकडा कोणता यावर मुलांचें अद्याप एकमत नाहीं.

पुढें किती पावलें पाहावें याला मर्यादा आहे. आरंभीं बकरीस एकवीस जागा मोकळ्या असतात, आणि त्यानंतर वाघांस बारा चाली. म्हणजे दोन पाळ्यांतच २५२ शक्यता. आणखी दोन पाळ्या पाहिल्या कीं ही संख्या साठ हजारांच्या आसपास जाते. आमचें यंत्र दोन पाळ्या पाहून लगेच चाल करी. सहा पाळ्या पाहावयास सांगितल्या तेव्हां शिपाई तास संपल्याची घंटा देऊन गेला तरी तें विचारच करीत होतें. मोठ्या यंत्रांनीं या खेळाचा तळ गांठला आहे. सिंगापूरचे लिम यू जिन व झुरिकचे युर्ग नीव्हरगेल्ट या संशोधकांनीं गणनेनें सिद्ध केलें कीं, दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर बाघचालीचा डाव बरोबरींत सुटतो. हें ऐकून एका मुलानें विचारलें, "मग खेळावयाचें कशाला?" दुसरा म्हणाला, "निर्दोष कोण खेळतो?"

चित्र सर्वांच्या शेवटीं काढलें, आणि त्याला एकच दुपार लागली. पायथॉनबरोबर 'टर्टल' नांवाचें एक साधन फुकट येतें. पडद्यावर एक कांसव फिरतें व मागें रेघ सोडतें. त्या कांसवाकडून पट आंखून घेतला.

पालकांस दोन शब्द. या कामास आठवड्यास दोन तास लागले, त्यांतील निम्मे कागदावर. यानें मुलास नोकरी मिळेल असें आश्वासन मी देत नाहीं, गणिताचे गुण वाढतील असेंहि म्हणत नाहीं. सहांपैकीं दोघांचे वाढले, एकाचे कमी झाले. परंतु मूल संगणकापुढें तासन्‌तास बसतें एवढ्यावरून तें खेळत आहे कीं रचीत आहे हें कळत नाहीं. त्याची वही पाहावयास मागावी. रचणाऱ्याच्या वहींत खोडलेलें पुष्कळ असतें.

फेब्रुवारींत वाघ-बकरी तयार झाल्याचें शाळाभर पसरलें, आणि एका शनिवारीं तो पहिला विद्यार्थी दारांत येऊन उभा राहिला. आंत ये म्हटलें तर आला, पण बसेना. त्यानें बकऱ्या घेऊन यंत्राशीं दोन डाव खेळले, एक हरला. मग भिंतीची युक्ति कशी आहे तें त्यानें दोनदां समजावून घेतलें व कांहीं न बोलतां गेला. मीं त्याच संध्याकाळीं त्याच्या वडिलांची गांठ घेऊन माझी चूक त्यांना सांगितली. त्यांनीं परीक्षा होईपर्यंत नाहीं, नंतर पाहूं, असें उत्तर दिलें, व तें योग्यच होतें.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यांत तो नवी, पातळ वही घेऊन आला. शंभर गुणिले शंभराचा सह्याद्रि आतां आठ गुणिले आठ झाला होता. भोंवतीं भिंत, दोन किल्ले, एक घाट, एक स्वार; रंग कांहीं नाहींत, नुसतीं अक्षरें. परंतु स्वार चालतो. तूर्त अडचण एवढीच आहे कीं, समोर डोंगर आला म्हणजे तो चढून जावा कीं घाटानें वळसा घ्यावा, हें त्यास ठरवितां येत नाहीं. तो डोंगरास धडकून थांबतो. कोणत्या वाटेनें सर्वांत कमी खर्च पडतो हें शोधण्याची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनीं १९५९ सालीं छापून प्रसिद्ध केली आहे. ती मला येत नव्हती. उन्हाळ्याच्या सुटींत मीं ती कागदावर सोडवून पाहिली, आणि येत्या शनिवारीं आम्ही दोघें ती स्वारास लावून पाहणार आहों.